ब्रिटिश कोलंबियातील हिमपूर व वणवे

हिवाळ्यात डोंगरांवर साचलेले हिम उन्हाळ्याच्या आरंभी वेगाने वितळून नद्यांना जे पूर येतात त्यांना हिमपूर म्हणतात. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात हे पूर मे-जूनमध्ये येतात आणि त्यांच्या पाठोपाठ, काही वर्षी तर त्यांच्याबरोबरच, वणव्यांचा हंगाम सुरू होतो. पूर हे पाण्याच्या आधिक्याचे व वणवा हा पाण्याच्या अभावाचे लक्षण असल्याने या दोन आपत्ती परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ एकाच हिमसंचयात असते. हिम किती साचले यापेक्षा ते केव्हा व किती दिवसांत वितळले यावर पुराची उंची आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यातील अरण्याची शुष्कता ही दोन्ही बऱ्याच अंशी ठरतात.

महाराष्ट्रातील नद्या केवळ पावसाच्या पाण्यावर वाहतात. येथील वणवे फेब्रुवारी ते मे या काळात लागतात, पहिल्या पावसाने ते विझतात आणि पूर त्यानंतर येतात. ब्रिटिश कोलंबियातील क्रम याच्या उलट आहे : तेथे आधी पूर व नंतर वणवे. हिमालयातील नद्यांनाही हिमाचे पाणी मिळते. परंतु त्यांच्या वितळणाचा उत्तरकाळ मोसमी पावसाशी जुळत असल्याने तेथील पूर हे बहुधा दोन्ही पाण्यांचे मिळून असतात. ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागात उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे हिमाचा प्रभाव तेथे अधिक स्वच्छपणे दिसून येतो.

भूमी व हवामान : ब्रिटिश कोलंबियाचे क्षेत्रफळ सु. ९,४४,७०० चौ. किमी. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडे अधिक असून त्याचा सु. तीनपंचमांश भाग अरण्याखाली आहे. पॅसिफिकवरून येणारे आर्द्र वारे प्रथम किनारी पर्वतरांगेवर आदळतात. तिच्या पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला २५० सेंमी.हून अधिक वृष्टी होते. रांगेच्या पूर्वेकडील खोरी पर्जन्यछायेत येतात. टॉम्पसन नदीवरील कॅम्लूप्स या शहरी वर्षाला सु. २८ सेंमी. एवढीच वृष्टी होते. याच्याही पूर्वेस कोलंबिया पर्वत व रॉकी पर्वत असून त्यांवर पुन्हा विपुल हिम पडते. अशा रीतीने कोरडी, गवताळ खोरी व त्यांच्या माथ्यावर अनेक मीटर खोल हिम हे दृश्य तेथे एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळते. मे महिन्यात खोऱ्यातील गवत वाळून पेटण्याजोगे झालेले असते आणि वरच्या अरण्यात अद्याप हिम असते.

प्रांतातील प्रमुख नदी फ्रेझर होय. रॉकी पर्वतात, मौंट रॉबसन या शिखराच्या दक्षिणेस उगम पावून सु. १,३७५ किमी. प्रवासानंतर ती व्हँकूव्हरजवळ समुद्रास मिळते. लिटन येथे तिला टॉम्पसन नदी मिळते. तेथे फ्रेझरचे गढूळ व टॉम्पसनचे निळसर पाणी काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसते. होप या गावी ती अरुंद घळईतून बाहेर पडते आणि तेथून समुद्रापर्यंतच्या सपाट, सुपीक प्रदेशात प्रांतातील लोकवस्तीचा मोठा हिस्सा एकवटलेला आहे. सु. सव्वादोन लक्ष चौ. किमी. पाणलोटातील हिमाचे पाणी या एका तोंडातून बाहेर येते, ही गोष्ट पुराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हिमसंचय व त्याचे मापन : हिमाच्या खोलीवरून त्यातील पाण्याचा अंदाज येत नाही. ताजे भुसभुशीत हिम एक मीटर साचले, तर त्याचे पाणी जेमतेम १० सेंमी. भरते, वसंतातील दबलेल्या हिमाचे त्याच्या तिपटी-चौपटीने भरते. म्हणून हिम वितळल्यास त्याच्या पाण्याची उंची किती होईल ते मोजतात. यासाठी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातील प्राध्यापक जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक पोकळ नळी तयार केली. ती हिमाच्या थरात तळापर्यंत खुपसून नळीसह आतील हिमाचे वजन करावयाचे, एवढी ही साधी पद्धती आहे. ब्रिटिश कोलंबियात अशी मोजणी १९३५ पासून होत आहे. ठराविक जागी, ठराविक तारखांना माणसे बर्फावरून चालत जाऊन ती करतात. अनेक दुर्गम ठिकाणी आता गोठणविरोधी द्रवाने भरलेल्या चपट्या पिशव्या जमिनीवर अंथरलेल्या असतात. वर साचणाऱ्या हिमाच्या भाराने आतील द्रवाचा दाब वाढतो व त्याची नोंद दूरवर आपोआप पाठविली जाते. १ एप्रिलचा हिमसंचय हा सामान्यतः वर्षातील कमाल संचयाच्या जवळपासचा मानतात आणि त्या दिवसाचे आकडे नदीखोऱ्यांच्या सरासरीशी ताडून पुराच्या धोक्याचे पूर्वानुमान प्रसिद्ध करतात.

वितळण्याची क्रिया : १ ग्रॅ. बर्फ वितळण्यास सु. ८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता मुख्यतः सूर्यप्रकाशापासून मिळते. परंतु ताजे पांढरे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकते. जुने, भरड व मळके झालेले हिम त्यामानाने पुष्कळच प्रकाश शोषून घेते, म्हणून एकदा सुरू झालेले वितळण आपला वेग आपणच वाढवीत जाते. प्रारंभीचे पाणी थरातच मुरते. संपूर्ण थर ०° से. तापमानास येऊन पाण्याने ओथंबला म्हणजे त्यानंतरचे प्रत्येक उबदार प्रहराचे पाणी सरळ ओढ्यांत उतरते. लहान ओढ्यांना त्यामुळे दिवसातून एकदा भरती येते, तीही बहुधा सायंकाळी किंवा रात्री.

व्यवहारात असा ठोकताळा वापरतात, की दिवसाचे सरासरी तापमान ०° से.च्या वर जितके अंश असेल त्या प्रत्येक अंशामागे त्या दिवशी २ ते ६ मिमी. पाणी सुटते. सरासरी १०° से. तापमानाच्या दिवशी याप्रमाणे ४० मिमी. पाणी सहज सुटू शकते. म्हणजे निरभ्र आकाशाखाली हजारो चौ. किमी. प्रदेशावर मुसळधार पाऊस पडल्यासारखेच होते. उबदार, दमट वाऱ्याचा परिणाम याहूनही तीव्र असतो. हवेतील १ ग्रॅ. बाष्प हिमावर सांद्रित झाले, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या सुप्त उष्णतेने सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळते. मे अखेरीस हिम पक्व झालेले असताना उष्णतेची लाट आणि तिच्या शेवटी पाऊस असा योग आल्यास मोठा पूर येतो.

१८९४ व १९४८ चे पूर : फ्रेझरच्या ज्ञात पुरांपैकी सर्वांत मोठा १८९४ चा होय. त्या वेळी होप येथील प्रवाह सेकंदाला सु. १७,००० घ. मी. असावा असा अंदाज आहे. या जागी वर्षाचा सरासरी प्रवाह सु. २,७०० घ. मी. असतो. वस्ती विरळ असल्याने या पुराने हानी बेताचीच झाली. पुढील अर्धशतकात मात्र खालच्या खोऱ्यात शेते, लोहमार्ग व गावे उभी राहिली, मातीचे बांध घालण्यात आले आणि पूर्वीच्या पुराची आठवण बुजत गेली. १९४८ मध्ये एप्रिल व मेचा पूर्वार्ध थंड गेला. एरवी या दिवसांत थोडे थोडे वितळून जाणारे हिम जागच्या जागी राहिले. मेच्या उत्तरार्धात एकाएकी उष्णता वाढली आणि सर्व उंचींवरील हिम एकाच वेळी वितळू लागले. होप येथे प्रवाह सेकंदाला १५,२०० घ. मी.पर्यंत चढला, मिशन येथे नदीची पातळी सु. ७·६ मी. झाली व ठिकठिकाणी बांध फुटले. सु. १६,००० लोकांना घरे सोडावी लागली, २० हजार हेक्टरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, दहाजण मृत्युमुखी पडले. खंडाच्या आरपार जाणारे दोन्ही लोहमार्ग तुटल्याने व्हँकूव्हरचा उर्वरित देशाशी लोहमार्गाने असलेला संबंध काही काळ खंडित झाला. ब्रिटिश कोलंबियातच उगम पावणाऱ्या कोलंबिया नदीलाही त्याच दिवसांत महापूर आला व तिच्या काठचे अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील व्हॅनपोर्ट हे गाव ३० मे रोजी समूळ वाहून गेले.

यावरून हिमसंचय फार असला म्हणजे पूर येतोच, असे मात्र नाही. १९९९ मध्ये हिम असाधारण साचले होते आणि पुराची सर्व सिद्धता करण्यात आली होती; परंतु वसंत थंड व लांबलेला गेला, हिम सावकाश उतरले आणि आपत्ती टळली.

१९४८ च्या अनुभवानंतर दोन नद्यांबाबत दोन भिन्न मार्ग अवलंबिण्यात आले. कोलंबिया नदीविषयी कॅनडा व अमेरिका यांच्यात १९६१ मध्ये करार होऊन तो १९६४ पासून अंमलात आला व त्यानुसार डंकन, कीनलीसाइड आणि मायका ही धरणे १९६७ ते १९७३ या काळात पूर्ण झाली. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. मोरान येथे प्रचंड धरण बांधण्याची योजना दीर्घकाळ चर्चेत होती. पण समुद्रातून नदीच्या उगमाकडे अंडी घालण्यास जाणाऱ्या सॅमन माशांचा मार्ग तीमुळे बंद झाला असता, म्हणून ती मागे पडली. तेथे १९६८ च्या करारान्वये बांध उंच व भक्कम करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. सॅमनची नदी राखली गेली, हा लाभ निःसंशय मोठा आहे. तथापि त्याची किंमत अशी, की फ्रेझरच्या हिमपुराला वाटेत अडवून धरणारे काही नाही आणि सखल भागाचे संरक्षण सर्वस्वी मातीच्या बांधांवर अवलंबून आहे.

अरण्याची शुष्कता : हिम नाहीसे होताच अरण्यातील जळणाऊ पदार्थांचे वाळणे सुरू होते. कॅनडात १९७० पासून वापरात असलेल्या वणवा-हवामान निर्देशांकाची गणना सामान्यतः हिम वितळून गेल्यावर तीन दिवसांनी सुरू करतात. रोज दुपारी घेतलेली तापमान, सापेक्ष आर्द्रता व वाऱ्याचा वेग यांची नोंद आणि मागील २४ तासांतील पाऊस एवढ्यावर ही गणना आधारलेली आहे. तीत अरण्याच्या जमिनीचे तीन थर कल्पिले आहेत. सर्वांत वरचा सुया, गवत व पाने यांचा थर काही तासांतच वाळतो आणि ठिणगीने पेटतो. त्याखालील अर्धवट कुजलेल्या पाल्याला सु. दोन आठवडे लागतात. सर्वांत खालचा दाट सेंद्रिय थर व मोठे ओंडके यांना वाळण्यास सु. ५२ दिवसांच्या हिशेबाने काळ लागतो; पण एकदा ते वाळले म्हणजे एखाद्या सरीने ओले होत नाहीत. हिवाळ्यातील हिम अपुरे पडल्यास हा खालचा थर वसंतातही तहानलेलाच राहतो आणि मागील वर्षाची तूट नव्या हंगामाच्या खाती ओढावी लागते. ईशान्य भागातील पीटयुक्त जमिनीत तर आग हिमाच्या थराखालीही धुमसत राहते; २०२३ मधील काही वणवे याप्रमाणे हिवाळा काढून २०२४ मध्ये पुन्हा वर आले.

हिम तीन आठवडे अगोदर गेले, तर उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसांचे तीन आठवडे वाळण्यास अधिक मिळतात. या दोहोंच्या मध्ये जूनचा पाऊस उभा असतो. प्रांताच्या अंतर्भागात जून हा पुष्कळदा बऱ्यापैकी पावसाचा महिना असतो. तो तसा गेला तर जुलैच्या मध्यापर्यंत धोका बेताचा राहतो. जूनमध्ये पाऊस चुकला व उष्णता टिकून राहिली, तर खालचे थर जुलैपूर्वीच वाळतात. मग कोरड्या गडगडाटी वादळातील विजा पुरेशा होतात. प्रांतातील सु. ६० टक्के वणवे विजांमुळे व उरलेले मानवी कारणांनी लागतात. तापमान ३०° से.हून अधिक, सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांहून कमी आणि वारा ताशी ३० किमी.हून जोराचा, असा त्रिकूटयोग आग विझविणारे विशेष घातक मानतात. अशा वेळी आग जमिनीवरून वृक्षांच्या शेंड्यांवर चढते व तिच्यासमोर उभे राहणे अशक्य होते.

अरण्याची स्थितीही याला पोषक झालेली आहे. १९९० नंतरच्या दशकांत पाइन वृक्षांची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी प्रांतातील सु. १ कोटी ८० लक्ष हेक्टर अरण्याला कमीअधिक उपद्रव दिला. −४०° से.च्या आसपासची थंडी या कीटकांच्या अळ्यांना मारते. तशी थंडी दुर्मिळ होत गेल्याने त्यांचा प्रसार आवरला नाही. मृत वृक्षांची विस्तीर्ण राने मागे राहिली.

एकाच वर्षातील पूर व आग : २०१७ मध्ये ओकानागन सरोवराच्या काठी हा क्रम ठळकपणे प्रत्ययास आला. सरोवराची पातळी पेंटिक्टन येथील बंधाऱ्याने नियंत्रित केली जाते. वसंतात ती किती उतरवून ठेवावयाची हा दरवर्षीचा अवघड प्रश्न असतो : कमी उतरवली तर काठ बुडतात, अधिक उतरवली आणि हिम थोडे निघाले तर बागायतीला, माशांना व शहरांना ऑगस्टमध्ये पाणी पुरत नाही. २०१७ च्या आरंभी हिम बेताचे होते. पण त्यानंतर वसंतात हिम व पाऊस अनपेक्षितपणे वाढले. जूनच्या आरंभी सरोवर नेहमीच्या पूर्ण पातळीच्या सु. पाऊण मीटर वर चढले. काठावर वाळूच्या पोत्यांच्या भिंती रचण्यात आल्या. त्या हलविण्यापूर्वीच पावसाने पाठ फिरविली. ७ जुलै रोजी वणव्यांमुळे प्रांतात आणीबाणी जाहीर झाली व ती दहा आठवडे चालली. सरोवराकाठच्या लेक कंट्री येथे जुलैत काही घरे जळाली. प्रांतात त्या वर्षी सु. १२ लक्ष हेक्टर क्षेत्र जळाले. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, ग्रँड फोर्क्स येथे केटल व ग्रॅन्बी या नद्यांचा पूर १९४८ च्या पातळीच्याही वर गेला आणि त्याच उन्हाळ्यात सु. १३·५ लक्ष हेक्टर क्षेत्र जळून आधीच्या वर्षाचा उच्चांक मोडला. हिम विपुल असले म्हणजे उन्हाळा सुरक्षित जातो, ही समजूत या दोन वर्षांनी खोटी ठरविली.

जून २०२१ च्या अखेरीस उच्च दाबाचा एक विस्तीर्ण पट्टा प्रांतावर स्थिरावला. अशा पट्ट्यात हवा वरून खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते व ढग बनू देत नाही. लिटन येथे २७ जून रोजी ४६·६°, २८ जून रोजी ४७·९° व २९ जून रोजी ४९·६° से. तापमान नोंदले गेले. कॅनडाचा पूर्वीचा, १९३७ मधील उच्चांक ४५° से. होता. त्याच दिवसांत उंच पर्वतांवरील उरलेले हिम व हिमनद्या वेगाने वितळून पेंबर्टन खोऱ्यातील लिलुएट नदीच्या व फ्रेझरच्या वरच्या भागातील रहिवाशांना पुराचे इशारे द्यावे लागले. ३० जून रोजी लिटन गाव वणव्यात जवळजवळ पूर्णपणे भस्मसात झाले व दोघांचा मृत्यू झाला. मोठी प्राणहानी मात्र पुराने वा आगीने न होता उष्णतेने झाली : त्या आठवड्यातील ६१९ मृत्यू उष्णतेमुळे घडल्याचे अधिकृत चौकशीत ठरले. मृतांपैकी बहुसंख्य वृद्ध असून ते आपापल्या घरातच दगावले होते.

२०२३ मध्ये मे महिना विलक्षण उष्ण गेला, हिम झपाट्याने उतरले आणि त्याच महिन्यात ईशान्येस पेटलेला डॉनी क्रीक वणवा प्रांतातील ज्ञात वणव्यांत सर्वांत मोठा ठरला. वर्षभरात सु. २८·४ लक्ष हेक्टर क्षेत्र जळाले. प्रांतात वर्षाला १० लक्ष हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाल्याच्या नोंदी २०१७, २०१८, २०२३ व २०२४ या वर्षांच्या आहेत. उबदार होत चाललेल्या हवामानाशी त्याचा संबंध स्पष्ट आहे : हिवाळ्यातील वृष्टीचा अधिक भाग पावसाच्या रूपाने पडतो, हिम लवकर उतरते आणि कोरडा काळ लांबतो.

वणव्याचे पुरावरील परिणाम : जळालेल्या अरण्यातून पुढील हिमपूर अधिक जोराने येतो. वृक्षांचे छत्र असताना बरेचसे हिम फांद्यांवरच अडून तेथून हवेत विरून जाते. छत्र गेल्यावर ते सर्व जमिनीवर साचते, त्यावर ऊन थेट पडते आणि कोळशाच्या कणांनी काळवंडलेले हिम अधिक उष्णता शोषते. तीव्र आगीत मेणासारखी सेंद्रिय द्रव्ये मातीत उतरून पाण्याला दाद न देणारा थरही तयार होतो. सु. १,९२,००० हेक्टर क्षेत्र जाळणाऱ्या २०१७ च्या एलिफंट हिल वणव्यानंतर त्याच्या पायथ्याचे कॅश क्रीक हे गाव २०१८, २०२० व २०२३ मध्ये पुरात सापडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मेरिट व ॲबट्सफर्ड येथे आलेले भीषण पूर मात्र अतिवृष्टीचे होते, त्यांची गणना हिमपुरात करता येत नाही.

जुनी जाळरेषा : या प्रदेशातील न्लाकापमुक, सेक्वेपेमक, सिल्क्स इ. मूळ रहिवासी वसंतात खोऱ्यातील गवत व झुडपे हेतुपुरस्सर जाळीत असत. त्यामुळे कंदमुळे व बोरवर्गीय फळे चांगली येत, हरणांना कोवळा चारा मिळे व उन्हाळ्यात मोठ्या आगीस जळण उरत नसे. १८७४ च्या वणवा कायद्याने अशा जाळण्यावर निर्बंध आले आणि विसाव्या शतकात प्रत्येक आग ताबडतोब विझविणे हेच वनखात्याचे धोरण झाले. कोरड्या उतारांवरील विरळ पाँडेरोसा पाइनची राने त्यामुळे लहान झाडांनी व वाळक्या काटक्यांनी गच्च भरली. २००३ मध्ये केलोना शहराच्या कडेला २३९ घरे जाळणाऱ्या वणव्यानंतर नेमलेल्या चौकशीने या साचलेल्या जळणाकडे लक्ष वेधले. अलीकडे मूळ रहिवाशांच्या समूहांनी वनखात्याच्या सहकार्याने काही ठिकाणी नियंत्रित जाळणे पुन्हा सुरू केले आहे. त्याची वेळ पूर्वीप्रमाणेच हिमावरून ठरते : दक्षिणेकडील उतार वाळलेले असतात, पण उत्तरेकडील सावलीत व वरच्या अरण्यात अद्याप हिम असते, असे ते थोडे दिवस होत. महाराष्ट्रात वनरक्षक झाडोरा काढून जी जाळरेषा आखतात तिचे काम तेथे ही हिमरेषाच करते; आग वर चढत जाऊन हिमाच्या कडेला आपोआप थांबते.